तुम्ही न काढलेली लिंक

मोहाडी, जि. भंडारा
६ जुलै २०२४

आदरणीय संपादक,

आपल्या संकेतस्थळावरील माहितीपूर्ण लेख वाचून आनंद झाला. आमचेही याच विषयावर एक छोटेसे संकेतस्थळ आहे. आपण आमची लिंक दिल्यास आपल्या वाचकांना लाभ होईल.

झालं. हे तुमच्याच सातव्या धड्यातलं पत्र आहे, अन् त्याच धड्यात तुम्ही लिहिलं आहे की असा मेल आला तर मी न वाचता उडवते. म्हणून मी मेल केलाच नाही. तुमच्या साइटवर पत्ता आहे, तिथं पोस्टानं पाठवून राहिली, रजिस्टर करून, पोच लावून. कागद उडवाले निदान उठून टोपलीपर्यंत जावं लागते ना.

मी रक्षा. अंकुशची बायको, म्हणजे तुमची भावजय. माहेर शहापूरचं. आमच्या लग्नाले सहा वर्षं झाली, तुम्ही घर सोडलं त्याले नऊ, म्हणून तुम्ही मले पाहिलं नाही अन् मी तुम्हाले नाही. घरात तुमचं नाव कोणी घेत नाही. मले ते पहिल्यांदा भेटलं ते गुगलवर.

त्याचं असं झालं. मामाजीच्या, म्हणजे तुमच्या बाबाच्या, कोसा रेशमी करवती साड्या घेणारा नागपूरचा व्यापारी मागच्या वर्षी बंद झाला. मंग अंकुशनं मोठ्या हौसेनं वेबसाइट बनवली. तुमचा भाऊ तुम्हाले माहीत आहे, हौस चार दिवसांची. पाचव्या दिवशी साइट माझ्या गळ्यात. तिच्यावर येणारे दोनच जण, एक मी अन् एक तो, तोही मी सांगतलं तर. मी बीए झालेली बाई, मले त्यातलं काय समजते? मी मराठीतच टाइप केलं, साइटवर लोक कसे आणायचे. तर तुमचे धडे निघाले. दुकानदारायसाठी, विणकरायसाठी, अगदी आपल्या माणसानं समजवल्यासारखे. कीवर्डचा धडा वाचता वाचता मी गंजातला भात करपवला.

बारा धडे झाल्यावर माझी नजर खाली नावावर गेली. रुचिका नंदलाल निखारे, बंगलोर. आडनाव आपलं, बापाचं नाव मामाजीचं. जेवताना अंकुशले विचारलं तर त्याचा घास हातातच राहिला. मामाजी मांगं हात धुऊन राहिले होते. हळू बोल, अंकुश म्हणे.

म्हणून हे पत्र दोघायलेही न सांगता. मामाजी म्हणते दिवाळीनंतर दोन्ही माग काढून टाकतो, खोली भाड्यानं देतो. विकतच नाही तर विणायचं कायले? त्यायचं वय झालं नाही ताई, त्यायचं मन निघालं आहे. साइटवर माणसं आली तर माग राहीन, एवढंच मले समजते. तुमच्या साइटवर रोज हजारो लोक येते. तिथून एक लिंक द्या.

तुमची शिष्या अन् भावजय,
रक्षा

२८ जुलै २०२४

ताई,

उत्तर नाही आलं. पोच आली, त्याच्यावर सही कोण्या वॉचमनची दिसते. बिल्डिंगपर्यंत पत्र पोचलं, समोर देव जाणे. नाही दिलं तर नाही दिलं. पण जे पाहिलं ते तुम्हाले नाही तर कोणाले सांगू? इथं कीवर्ड म्हटलं तर लोकायले वाटते मी पोरायले इंग्रजी शिकवून राहिली.

अंकुशनं आपल्या साइटवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं होतं, 'परंपरा आणि सौंदर्याचा अनोखा संगम.' तुमच्या तिसऱ्या धड्यातलं ते फुकटचं यंत्र उघडून मी पाहिलं, किती लोक हे शोधते. शून्य. अख्ख्या दुनियेत एकाही माणसाले तो संगम पाहिजे नव्हता. अंकुश दिवसभर फुगून बसला.

मंग मी नुसतं 'कोसा साडी' टाकलं. अन् ताई, खालून प्रश्न निघाले. असली कोसा कसा ओळखायचा. कोसा साडी घरी धुतली तर चालते काय. कोसा पिवळा पडला तर काय करायचं. एकाखाली एक, येतच राहिले. मी थक्क झाली. आतापर्यंत मले वाटे गुगल म्हणजे उत्तरं देणारा कोणी शहाणा. ते तर विचारणाऱ्या माणसायनं भरलेलं आहे. मोहाडीच्या बाजारात उभं राहावं अन् आजूबाजूच्या सगळ्यायच्या मनातलं ऐकू यावं, तसं झालं मले.

एक ओळ होती, 'आईची जुनी कोसा साडी फाटली.' समोर आकडा, महिन्याले दहा. दहाच. तुम्ही धड्यात लिहिलं आहे की लहान आकड्यायले हसू नका. मी कायची हसते? कोण असतीन ती दहा माणसं? कोणाची माय गेली असन, पेटी उघडली असन, घडीवर साडी फाटलेली निघाली असन. घरात विचाराले कोणी नाही, म्हणून मोबाइलले विचारलं. मले रडू आलं. आकड्यावर कोणी रडते काय? पण आलं.

मी जाऊन मामाजीले विचारलं. ते मागावर होते. कोण विचारते म्हणे. लोक. कुठचे लोक? म्हटलं, माहीत नाही मामाजी, कुठचेही असतीन. त्यायले वाटलं मी गंमत करून राहिली. मंग धोटा हातात धरूनच थांबले अन् सांगू लागले. फाटलेल्या कोशाले बाहेरचा दोरा लावू नका म्हणा, त्याच साडीच्या आतल्या टोकाचा धागा काढा अन् त्यानंच रफू करा, परका धागा तिले ओढते. जसं बोलले तसं मी लिहून टाकलं, एक अक्षर सजवलं नाही. तो संगम काढला अन् त्या जागी हे लावलं.

आठ दिवसांत माणसं येऊ लागली. थोडीच, पण खरी. आता मामाजी जेवायले बसले की अंकुशकडं पाहत नाही, माझ्याकडं पाहते अन् विचारते, आज काय विचारलं लोकायनं? एवढं बोलणं मी सहा वर्षांत ऐकलं नव्हतं. पण दिवाळीचं म्हटलं ते मागं घेत नाही. माग निघनच म्हणते.

अन् निघन तर दोन्ही निघन. दुसरा कोणता ते तुम्हाले माहीत आहे. नवी नवरी होती तेव्हा त्याच्यावरची चादर झटकाले गेली तर अंकुश ओरडला. आपल्याइथं अर्ध्यात कापलेल्या ताण्याले, मागावरच्या त्या उभ्या धाग्यायले, दुसरा हात लावत नाही, ज्यानं कापला त्यानंच सोडवायचा, असं सांगतलं. कोणं कापला ते नाही सांगतलं. मी बी विचारलं नाही.

रक्षा

२५ ऑगस्ट २०२४

ताई,

आता विचारलं. काहून विचारलं ते आधी सांगते.

तुमच्या नवव्या धड्यात आहे की लिंक मागायच्या आधी समोरच्याच्या साइटवर मेलेल्या लिंका शोधा, म्हणजे ज्या दाबल्या तर कुठंच उघडत नाही अशा. त्या त्याले दाखवा, तो खूश होईन, अन् त्या जागी आपली लिंक सुचवा. तुम्ही लिहिलं, मेलेली लिंक म्हणजे पाहुण्याले बंद दारावर पाठवणं आहे, दिसली की त्याच दिवशी काढा. मी म्हटलं, गुरूचीच विद्या गुरूवर लावून पाहू. तुमची अख्खी साइट तपासणीले लावली अन् धानाच्या रोवणीच्या बायायचा चहा कराले गेली. वापस आली तर पडदाभर हिरव्या ओळी. हजारावर लिंका, सगळ्या जिवंत. म्हटलं, वा रे ताई.

अन् मधात एक लाल ओळ.

करवती साडीवरचं तुमचं ते जुनं पान, २०१५ चं, जे आजही सगळ्यायच्या वर येते. त्याच्या दुसऱ्या परिच्छेदात तीन शब्द आहे, 'माझे वडील विणतात.' त्याच्याखाली लिंक, नंदलाल हातमाग डॉट इन. मी दाबली. पान सापडले नाही.

मी अंकुशसमोर मोबाइल धरला. मंग त्यानं सांगतलं. ती साइट तुम्हीच मामाजीसाठी बनवली होती, त्यायच्या नावानं. नागपूरच्या मोठ्या दुकानाचा फोन आला, उद्या काठ दाखवाले आणा, नाही तर राहू द्या. मामाजी करडीले लग्नाले गेले होते. मागावर साडी अर्धी झाली होती. तुम्ही कैची घेतली अन् ती अर्धीच कापून नेली. मामाजी वापस आले, माग पाहिला. तुम्ही म्हटलं की कोणी पाहिलंच नाही तर विकन कसं. ते काही बोलले नाही, चादर आणून टाकली. ते न बोलणं लांबत लांबत गेलं, तुम्ही बंगलोरले गेल्या, अन् साइटचं वर्ष संपलं तेव्हा मामाजी ती सांभाळणाऱ्या भंडाऱ्याच्या पोट्ट्याले म्हणाले, बंद होऊ दे.

मले आधी वाटलं, तुमच्या ध्यानात राहिलं नसन ते तीन शब्द. एवढ्या मोठ्या साइटवर होते असं. पण इंटरनेटवर जुन्या पानायचे फोटो ठेवणारी एक जागा आहे, तुम्हीच शिकवली. तिथं मी तुमचं ते पान वर्षावर्षानं पाहिलं. साइटचा रंग बदलला. नाव बदललं. फोटो बदलले, अर्धा मजकूर नवा लिहिला, बाकीच्या लिंका आल्या अन् गेल्या. ते तीन शब्द अन् त्यायच्या खालची लिंक, प्रत्येक वेळी जागच्या जागी.

अन् तुमचा तर धंदाच तो आहे, ताई. लोकायच्या साइटवरच्या मेलेल्या लिंका शोधणं अन् काढून देणं. तुमच्या यंत्राले ही लाल ओळ दर महिन्याले दिसत असन. तुम्ही दर महिन्याले ती पाहिली असन, अन् बोट उचलून घेतलं असन.

मी स्वयंपाकघरात खाली बसली. माणूस रागावते, रुसते, ते मी दोन्ही घरी भरपूर पाहिलं आहे. पण जे दार उघडणार नाही त्याच्याकडं बोट दाखवून कोणी नऊ वर्षं उभं राहते, हे मी पाहिलं नव्हतं.

मी आता लिंक मागत नाही. एवढंच सांगा, विसरल्या होत्या काय?

रक्षा

२२ सप्टेंबर २०२४

ताई,

तुम्ही लिहीत नाही. पण मी रोज तुमचं पान उघडते. मी एवढं बोलल्यावरही तुम्ही ती लिंक काढली नाही. ते मी उत्तर समजते. चूक असन तर काढून दाखवा.

आता एक उचापत केली ती ऐका. मले वाटलं, त्या मेलेल्या लिंकेचा पत्ता आता कोणाचा असन? पाहिलं, तर कोणाचाच नाही. मोकळा. इतक्या वर्षांत कोणाले नंदलालच्या नावाशी काम पडलं नाही. अंकुशच्या कार्डानं मी तो घेऊन टाकला, त्याले सांगतलं नंतर. आपली सगळी साइट उचलून तिथं मांडली, मामाजीचे सगळे प्रश्न-उत्तरं, मागावर बसलेला त्यायचा फोटो. मंग तुमच्या पानावर गेली, 'माझे वडील विणतात'वर बोट ठेवलं.

उघडलं, ताई. मामाजी बसलेले दिसले.

मी कितीदा ते केलं ते सांगत नाही, हसाल.

अन् समोरचं ऐका, ते मी कोण्या धड्यात वाचलं नव्हतं. मले वाटलं होतं तो पत्ता एका तुमच्याच पानावर असन. पण दोन दिवस जात नाही तर दुसरीकडूनही माणसं येऊ लागली. नागपूरच्या कोण्या कॉलेजच्या पानावर तो जुना पत्ता होता. कपड्यांवर लिहिणाऱ्या एका बंगाली बाईच्या पानावर होता. तुम्ही त्या एका वर्षात कोणाकोणाले पत्ता देऊन ठेवला होता? इतकी वर्षं लोक येत होते, बंद पाहून वापस जात होते, अन् आम्ही इथं बसून म्हणून राहिलो की कोणी विचारत नाही. इंदूरच्या एका बाईनं लिहिलं, मुलगी शाळेत होती तेव्हा हा पत्ता जपून ठेवला होता, आता तिचं लग्न आहे, तुम्ही कुठं गेले होते? मी तिले काय सांगू? म्हटलं, घरीच होतो.

आता खरी गोष्ट. मागच्या पत्राची पोच आली. मी शेजारच्या शकुंतलाबाईकडं हळदीकुंकवाले गेली होती, तर पोस्टमन श्रावणनं ती मामाजीच्या हातात दिली. या वेळी सही वॉचमनची नव्हती.

मी आली तर मामाजी ओट्यावर बसलेले, कार्ड हातात. ही रुचिकाची सही आहे, म्हणे. विचारलं नाही, सांगतलं. मंग म्हणाले, काय लिहिलं तिले? मी सगळं सांगतलं. मोबाइल दिला. त्यायनं चष्मा लावून तुमचं पान वाचलं, बोट ओळीखाली सरकवत. त्या तीन शब्दांवर बोट थांबलं.

"हे कधीचं?"

"नऊ वर्षांचं, मामाजी."

"मी ते बंद केलं तरी काढलं नाही तिनं?"

"नाही."

मी सांगतलं, दाबून पाहा. त्यायनं दाबलं, स्वतःचा फोटो आला. वापस जाऊन पुन्हा दाबलं. मोबाइल माझ्या हातात देऊन ते खोलीत गेले. मी कान देऊन होती, पण मागाचा आवाज आला नाही. त्या दिवशी ते जेवले नाही, अन् आम्ही कोणी आग्रह केला नाही.

तुमच्यावर मले राग आला पाहिजे की काय, एकही ओळ लिहीत नाही म्हणून. येत नाही. ज्या घरात बाप असा अन् लेक अशी, तिथं मी येऊन पडली, हे माझं नशीब. कोणतं नशीब ते अजून ठरवलं नाही.

रक्षा

६ ऑक्टोबर २०२४

ताई,

चादर निघाली.

परवा सकाळी मी उठली तर दुसऱ्या मागाची खोली उघडी. मामाजी खाली बसलेले. ताण्यावर नऊ वर्षांची धूळ, चादर असूनही कुठून येते कोण जाणे. ते मऊ कुंचल्यानं झाडून राहिले होते, लहान पोराचं अंग पुसावं तसं. मी दारातच उभी राहिली. ज्यानं कापला त्यानंच सोडवायचा, हा नियम मले तुमच्याच घरानं शिकवला, अन् घरचा मोठा माणूसच तो मोडून राहिला होता. अंकुश आला, तोही उभा राहिला. आम्हा दोघायकडं त्यायनं पाहिलंही नाही.

कापलेली टोकं जिथं लोंबत होती तिथून ते थोडे थोडे धागे चिमटीत घेत, विंचरत, काठीले गाठ मारत. बाकीचा ताणा मागं गुंडाळलेला, शाबूत आहे. अर्धी साडी निघन एवढा आहे. दोन दिवस ते हेच करून राहिले. इंदूरच्या बाईनं मागवलेली साडी पहिल्या मागावर चढलेली, ती तशीच. मी म्हटलं, मामाजी, लग्नाची साडी आहे. होईन, म्हणे.

आज दुपारी थांबले. उजवीकडून अर्ध्याच्या वर बांधून झाले. डावीकडं तुमची कैची वाकडी गेली होती, घाईत असन. तिथले धागे आखूड पडले, मागाच्या फणीतून निसटून मांगं गेले. त्यायले नवा तुकडा जोडून एक एक करून फणीतून वापस काढावं लागते. एकानं पलीकडून धागा द्यायचा, दुसऱ्यानं अलीकडून ओढायचा. अंकुश म्हणाला मी बसतो. मी म्हटलं मी शिकते. मामाजी नाही म्हणाले, दोघायलेही.

लहानपणी तुम्ही पलीकडं बसून त्यायले धागा देत होत्या, हे मले आजच कळलं. तेव्हा तुमचे पाय मागाखालच्या खड्ड्यात पुरत नव्हते म्हणे.

मंग ते जे बोलले ते जसंच्या तसं लिहून राहिली, कारण त्यायनं मले तसंच लिही म्हटलं आहे.

"तिले लिही, सरळ कापलेले मी बांधले. वाकडे कापलेले तिचे तिनं भरावे. आता पलीकडून मी देतो धागा, मले अलीकडचं दिसत नाही."

मी हिंमत करून दिवाळीनंतरचं विचारलं, माग काढायचं. माझ्याकडं असं पाहिलं की जसं मी खुळ्यासारखी बोलली. ताणा चढलेला माग कोणी काढते काय, म्हणे.

नागपूरले उतरू नका, भंडारा रोड स्टेशनले उतरा, अंकुश गाडी घेऊन येईन. मी जागा करून ठेवली आहे, गादीले ऊन देऊन. पोह्यात साखर चालत नाही ना तुम्हाले, अंकुश म्हणे. अन् ती तुमची लिंक काढू नका, आता तिच्यावरून रोज माणसं येऊन राहिली.

पाकीट चिकटवत होती तर मामाजी वापस आले. ती अर्धी साडी तिच्यापाशी असन तर घेऊन ये म्हणा, म्हणाले. अन् जाता जाता, पाठ करूनच, म्हणाले, नसन तरी ये म्हणा.

रक्षा